घर कुणाच्या नावावर? आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या बायका परंपरेशी कशा भांडल्या

बोत्स्वाना हा साऊथ आफ्रिकेच्या डोक्यावरचा देश, बराचसा कालाहारी वाळवंटाने व्यापलेला. तिथल्या कान्ये गावात एका राहत्या घरावरून आत्या आणि भाचा यांच्यात वाद लागला आणि तो थेट देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेला. आत्या म्हणजे एडिथ म्मुसी, शेवटचा निकाल लागला तेव्हा ऐंशीच्या घरातल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बहिणी. भाचा म्हणजे सावत्र भावाचा मुलगा. या बहिणींनी आईवडलांचं घर सांभाळलं होतं, डागडुजी केली, वाढवलं, एडिथबाई तर पुढे तिथंच राहायला आल्या. भाच्याचं म्हणणं असं की आमच्या बांग्वाकेत्से लोकांच्या रीतीप्रमाणे आईवडलांचं घर शेंडेफळ मुलाला मिळतं, त्या धाकट्या काकांनी आपला हक्क माझ्या वडलांना दिला होता, वडील गेले, म्हणजे घर आता माझं, आत्यांनी निघावं.

पारंपरिक कोर्टांमधे ही केस वरखाली होत राहिली. एका पायरीवर घर सगळ्या भावंडांचं ठरलं, तर त्याच्या वरच्या पारंपरिक अपील कोर्टानं २००८ मधे भाच्याच्या बाजूनं निकाल दिला. मग बहिणी हायकोर्टात गेल्या. सरकारच्या वकिलांनी तिथं मांडलं की आपला समाज अजून अशा बदलाला तयार नाही. न्यायाधीश की डिंगाके यांना ते पटलं नाही, ऑक्टोबर २०१२ च्या निकालात त्यांनी लिहिलं की एक नवं जग जन्माला यायला धडपडतंय आणि कोर्टानं आता सुईणीचं काम करायची वेळ आलीय. फक्त मुलगाच वारस हा नियम त्यांनी घटनाबाह्य ठरवला. भाच्याकडून अपील झालं, ते सप्टेंबर २०१३ मधे फेटाळलं गेलं, आणि घर बहिणींचं राहिलं.

पण मला या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो अपील कोर्टानं काय विचारलं तो. त्यांनी विचारलं की ही जी रीत सांगताय ती खरंच अशी आहे का, आज कान्येमधली माणसं घरातली वाटणी करताना नेमकं काय करतात? आणि उत्तर असं निघालं की कुटुंब एकत्र बसतं, बोलतं, कुणी सांभाळलं कुणी राबलं ते बघतं आणि मग ठरवतं, त्यात बाईला घर द्यायचंच नाही असा काही दगडावर कोरलेला नियम नाही. म्हणजे परंपरेच्या नावाखाली जे सांगितलं जात होतं ते परंपरेतही पूर्ण बसत नव्हतं! आफ्रिकेच्या या भागात बायकांच्या हक्कांचं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे काही घडलंय ते नीट समजून घ्यायचं असेल तर हाच धागा धरून जावं लागतं असं माझं मत आहे. रीत म्हणजे काय हे कोण सांगतंय, कधीपासून सांगतंय, आणि त्यात त्याचा फायदा काय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, साऊथ आफ्रिका हा एक देश आहे, आणि इथं मी बोलतोय तो अख्ख्या दक्षिण भागाबद्दल, म्हणजे साऊथ आफ्रिका, बोत्स्वाना, झिम्बाब्वे, झांबिया, मलावी, लेसोथो, एस्वातिनी म्हणजे जुनं स्वाझीलंड, असे बरेच देश. या भागातल्या बहुतेक देशांनी २००८ मधे स्त्री-पुरुष समानतेचा एक प्रादेशिक करार केला, २०१६ मधे तो सुधारला, त्यात राजकारणात निम्मा वाटा, समान मालमत्ता हक्क, सगळं लिहिलेलं आहे. कागद चांगला आहे. पण गावातल्या विधवेला दीर घराबाहेर काढतो तेव्हा तो करार तिच्या हातात नसतो, तिथं चालतो तो दुसराच कायदा.

कारण या बहुतेक देशांमधे दोन कायदे शेजारी शेजारी नांदतात. एक छापील, कोर्ट-वकील-पार्लमेंटवाला, तो आला डच आणि इंग्रज राज्यकर्त्यांकडून. दुसरा पारंपरिक, प्रत्येक जमातीचा आपापला, जो गावचा प्रमुख आणि त्याची बैठक चालवते. लग्न, सोडचिठ्ठी, मुलं कुणाची, जमीन कुणाला, मयताची मालमत्ता कुणाकडे, हे सगळं गावाकडे दुसऱ्या कायद्यानं ठरतं. आता खरी गोम अशी की स्वातंत्र्य मिळाल्यावर जेव्हा घटना लिहिल्या गेल्या तेव्हा त्यात समतेचं कलम आलं, कुणाशी भेदभाव करू नये वगैरे, आणि त्याच कलमाच्या पोटात हळूच एक अपवाद आला, की दत्तक, लग्न, घटस्फोट, अंत्यविधी, वारसा आणि पारंपरिक कायदा यांना हे लागू नाही. बोत्स्वाना, झांबिया, लेसोथो, जुन्या झिम्बाब्वेच्या घटना, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच. बाईचं अर्धंअधिक आयुष्य ज्या गोष्टींत जातं नेमक्या त्याच वगळल्या! आपल्याकडे पर्सनल लॉ हा शब्द आला की जो गोंधळ सुरू होतो तो ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल.

या अपवादाची किंमत काय ते झिम्बाब्वेच्या व्हेनिया मगाया यांच्या केसमधे दिसतं. वडील हरारेमधे वारले, मृत्युपत्र नव्हतं, व्हेनिया थोरली मुलगी. स्थानिक कोर्टानं आधी तिला वारस नेमलं, मग सावत्र भाऊ आला, आणि १९९९ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पारंपरिक कायद्यात मुलाचा हक्क आधी, आणि पारंपरिक कायदा समतेच्या कलमातून वगळलेला आहे, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. देशभरातल्या बायकांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि तो विषय त्यांनी सोडला नाही. २०१३ मधे झिम्बाब्वेची नवी घटना आली, तिच्या ८० व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की बायकांच्या हक्कांवर गदा आणणारे सगळे कायदे, रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक प्रथा तेवढ्यापुरत्या रद्द. चौदा वर्षं लागली.

बोत्स्वानात याची सुरुवात त्याहून आधी झाली होती. युनिटी डाऊ या मोचुडी गावच्या वकीलबाई, नवरा अमेरिकन. तिथल्या नागरिकत्वाच्या कायद्यानुसार त्यांचं लग्नाआधी झालेलं मूल बोत्स्वानाचं नागरिक होतं, आणि लग्नानंतर झालेली दोन मुलं परदेशी. बायको परदेशी असलेल्या पुरुषाला ही अडचणच नाही, त्याची मुलं आपोआप नागरिक. डाऊ कोर्टात गेल्या. सरकारचा युक्तिवाद असा की भेदभावाची जी यादी घटनेत आहे त्यात वंश आहे, जमात आहे, रंग आहे, धर्म आहे, पण स्त्री-पुरुष हा शब्द नाही, आणि तो मुद्दामच वगळलेला आहे कारण आपला समाज पितृसत्ताक आहे. म्हणजे सरकारनं उघडच मान्य केलं की आम्हाला भेदभाव करायचा आहे, फक्त परवानगी आहे असं म्हणालं. १९९२ मधे अपील कोर्टानं डाऊ यांच्या बाजूनं निकाल दिला, १९९५ मधे कायदा बदलला, आणि १९९८ मधे याच युनिटी डाऊ बोत्स्वानाच्या हायकोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या.

आता प्रश्न येतो की ही मुलगाच वारस वाली रीत मुळात आली कुठून. सोपं उत्तर, की हजारो वर्षांपासून असंच चालत आलंय, ते अर्धवट आहे. जुन्या काळी घर म्हणजे एक मोठी वस्ती, गुरं, शेत, आजीपासून नातवापर्यंत सगळे. कर्ता गेला की थोरला मुलगा त्याच्या जागी बसायचा, आणि मालमत्ता त्याच्या खिशात जायची नाही, तो सगळ्यांचा पोशिंदा व्हायचा, विधवा आई, धाकटी भावंडं, न लग्न झालेल्या बहिणी, सगळ्यांना सांभाळायचं त्याच्यावर बंधनच होतं. हक्क आणि जबाबदारी एकाच दाव्याला बांधलेली. ती व्यवस्था समान होती असं मी म्हणत नाही, बाई तिथंही दुय्यमच होती, पण उघड्यावर पडत नव्हती.

मग दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांनी या रीती लिहून काढल्या. कुणाला विचारून? तर गावचे प्रमुख आणि म्हातारे पुरुष यांना विचारून, बायकांना कोण विचारतंय. आजच्या साऊथ आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या वसाहतीत १८७८ मधे आणि मग १८९१ मधे अशी संहिताच केली गेली आणि त्यात बाई म्हणजे कायद्याच्या नजरेत जन्मभर लहान मूलच, कायम कुणातरी पुरुषाच्या पालकत्वाखाली, असं पक्कं झालं. १९२७ मधे अख्ख्या साऊथ आफ्रिकेसाठी कायदा आला ज्यात काळ्या माणसाच्या वारसाचे नियम वेगळे काढून ठेवले. जी रीत आधी माणसं बसून, परिस्थिती बघून वळवत होती ती कागदावर आली आणि गोठली.

दुसरी गोष्ट म्हणजे खाणी. जोहान्सबर्गच्या आसपास सोनं सापडल्यावर लेसोथो, मोझांबिक, मलावी, बोत्स्वाना, सगळीकडून पुरुष भरती होऊन खाणीत जायला लागले, वर्षाचे कितीतरी महिने घरापासून लांब. गावात शेत बायकांनी नांगरलं, गुरं त्यांनी राखली, म्हातारे त्यांनी सांभाळले, घराच्या भिंती लिंपल्या त्यांनी. पण नाव कागदावर पुरुषाचं. त्यामुळे खाणीतला माणूस मेला की जिनं घर चालवलं ती पाहुणी आणि जो दूरचा चुलता तिथं कधी फिरकला नाही तो मालक, असं चित्र तयार झालं. मालमत्ता वारसाकडे गेली आणि जबाबदारी वाटेतच गळून पडली.

हेच साऊथ आफ्रिकेच्या घटनापीठानं, म्हणजे घटनेचे प्रश्न बघणाऱ्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, ऑक्टोबर २००४ च्या एका निकालात फार नीट मांडलंय. केपटाऊनच्या कडेला खायेलित्शा नावाची प्रचंड वस्ती आहे, तिथं एक सुतारकाम करणारा माणूस, त्याच्या मुलांची आई घरकाम करणारी, आणि त्यांच्या दोन लहान मुली, तात्पुरत्या शेडमधे राहायचे. सरकारी घरकुलाच्या पैशातून जागा घेतली होती, बांधकामाचं सामान आणून ठेवलं होतं, आणि २००२ मधे घर बांधायच्या आधीच तो वारला. पारंपरिक नियमाप्रमाणे वारस कोण? तर त्याचे वडील, ते राहायचे लांब ईस्टर्न केपमधे. मुली वारस होऊ शकत नव्हत्या, एक तर मुली, आणि दुसरं म्हणजे आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं. आजोबांना ती जागा विकून अंत्यविधीचा खर्च भागवायचा होता! या दोन पोरी आणि त्यांची आई जायची कुठं, याला त्या नियमात उत्तरच नव्हतं. न्यायमूर्ती पायस लांगा यांनी निकालात दाखवून दिलं की वारसानं सगळ्यांना सांभाळायचं ही जी रीतीची मूळ बाजू होती ती आता उरलेली नाही, उरलाय तो फक्त पुरुषाचा मालकी हक्क. नियम रद्द झाला. फक्त मुलींसाठीच नव्हे बरं का, धाकटी मुलं आणि लग्नाबाहेर जन्मलेली मुलं, जी या रीतीत कायम बाहेर राहायची, त्यांनाही दार उघडलं. २००९ मधे त्यावर पार्लमेंटनं कायदाही केला.

त्या निकालात एका न्यायमूर्तींनी, एनकोबो यांनी, वेगळं मत लिहिलं, आणि ते मला फार विचार करण्यासारखं वाटतं. त्यांचं म्हणणं होतं की नियम उखडून छापील कायदा आणून बसवू नका, पारंपरिक कायद्यालाच वाढू द्या, त्यातच मुलीला वारस होऊ द्या, कारण लोक ज्याला आपलं मानतात त्यातून बदल आला तर तो गावात टिकेल. बहुमत त्यांच्या बाजूनं नव्हतं, पण चार वर्षांनी तेच कोर्ट जवळपास त्याच वाटेनं गेलं. लिम्पोपो प्रांतातल्या वालोयी लोकांचे प्रमुख १९६८ मधे मुलगा नसताना वारले, मुलगी होती पण गादी गेली भावाकडे. १९९६-९७ मधे वालोयींच्या राजघराण्यानं आणि बैठकीनं स्वतःहून ठरवलं की आता नव्या घटनेचा काळ आहे, गादी त्या मुलीकडे, फिलिया शिलुबाना यांच्याकडे, परत जावी. तो चुलता वारल्यावर त्याचा मुलगा कोर्टात गेला की बाई प्रमुख होऊच शकत नाही, आणि खालच्या दोन्ही कोर्टांनी त्याला उचलून धरलं, म्हणाले परंपरेत असं कधी झालेलं नाही. घटनापीठानं जून २००८ मधे उलट सांगितलं. वालोयी लोकांनी आपली रीत स्वतः बदलली आणि तो त्यांचा अधिकारच आहे, पारंपरिक कायदा जिवंत आहे, भूतकाळात काय झालं एवढ्यावरच त्याला बांधून ठेवता येणार नाही. मला हा निकाल वाचताना खरंच भरून आलं होतं, कारण इथं कोर्ट गावाला शिकवत नव्हतं, गावानं घेतलेला चांगला निर्णय वाचवत होतं.

सगळीकडे असं झालं नाही हेही सांगायला हवं. लेसोथोमधे सेनाते मासुफा ही एका मोठ्या प्रमुखांची थोरली मुलगी. वडलांनंतर आईनं ते पद सांभाळलं, आणि आई गेल्यावर मुलीला सांगितलं गेलं की १९६८ च्या कायद्याप्रमाणे मुलगी वारस होऊ शकत नाही. प्रमुखाची विधवा ते पद सांभाळू शकते पण त्याच्या रक्ताची मुलगी नाही! ती २०१३ मधे हरली, २०१४ मधे अपिलातही हरली, कारण तोच तो अपवाद, परंपरा समतेच्या कलमाबाहेर. आणि हा तोच लेसोथो आहे जिथं १९४१ ते १९६० अशी एकोणीस वर्षं मान्त्सेबो नावाच्या राणीनं लहान राजपुत्राच्या वतीनं अख्खा देश चालवला. तिच्या सत्तेलाही दिरानं कोर्टात आव्हान दिलं होतं आणि तो हरला होता. म्हणजे बाई राज्य करू शकत नाही असं इतिहास कुठं सांगतो? लेसोथोनं बाकी बाबतीत बरीच मजल मारली आहे, २००६ मधे लग्न झालेल्या बाईला कायद्यानं सज्ञान मानलं, २०१० च्या जमीन कायद्यानं नवरा-बायकोची नावं बरोबरीनं लावायची सोय केली, पण गादीच्या प्रश्नाला हात लागलेला नाही.

बरं, परंपरा परंपरा म्हणताना ती एकच आहे असंही नाही. मलावीत उत्तरेकडे वडलांकडून वारसा जातो, लग्नात नवऱ्याकडून गुरं किंवा पैसे दिले जातात, त्याला लोबोला म्हणतात. मध्य आणि दक्षिण मलावीत चेवा, याओ, लोम्वे लोकांमधे उलटं, जमीन आईकडून मुलीला जाते, आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावात राहायला येतो. ऐकायला मस्त वाटतं, पण जमीन बाईच्या नावाची असली तरी शेवटचा शब्द बहुधा तिच्या मामाचा किंवा भावाचा असतो. जमीन आहे, निर्णय नाही. त्यामुळे फक्त मालकी दिली की सगळं सुटलं असं मानणाऱ्यांनी मलावीचं उदाहरण जरूर बघावं.

मलावीतूनच मला गावच्या बैठकीची ताकद कळली. डेड्झा जिल्ह्यात थेरेसा काचिन्दामोतो या झोंबा शहरातल्या एका कॉलेजात २७ वर्षं सेक्रेटरी म्हणून नोकरी करत होत्या, २००३ मधे त्यांच्या घराण्यानं त्यांना प्रमुख म्हणून बोलावून घेतलं. आल्यावर बघतात तर बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या कडेवर मुलं. त्यांनी भाषणं केली, आईबापांशी बोलल्या, फारसा उपयोग झाला नाही, कारण घरात खायला नाही, प्राथमिक शाळा १९९४ पासून फुकट असली तरी पुढच्या शाळेला फी, मग मुलगी उजवून टाकली की एक तोंड कमी. मग त्यांनी आपल्या हाताखालच्या सुमारे ५० उपप्रमुखांना बोलावून लेखी करार करून घेतला की आपल्या भागात बालविवाह होणार नाहीत आणि झालेले मोडले जातील. काहींनी तरी होऊ दिले, तेव्हा चार उपप्रमुखांना त्यांनी सरळ पदावरून काढलं, आणि ती लग्नं मोडल्याची खात्री पटल्यावरच परत घेतलं. मुली शाळेत टिकतायत का हे बघायला गावागावात माणसं ठेवली, फी भरायला लोक शोधले, काही वेळा स्वतः भरली. तीन वर्षांत ८५० हून जास्त लग्नं मोडली. देशाच्या कायद्यात तेव्हा अजून पळवाट होती, आईबापांची संमती असली तर १८ च्या आत लग्न चालायचं, ती २०१७ मधे घटना बदलून बंद केली. म्हणजे गावची प्रमुख कायद्याच्या पुढे धावत होती. ज्या पदाकडे आपण जुनाट म्हणून बघतो त्याच पदावर योग्य बाई बसली की काय होतं ते इथं दिसतं.

बोत्स्वानातल्या गावबैठकीला खोत्ला म्हणतात, झाडाखाली किंवा अर्धगोल कुंपणात, पूर्वी पुरुषांचीच. २००३ मधे रामोत्स्वाला बालेते लोकांच्या प्रमुख म्हणून मोसादी सेबोको यांचा विधिवत अभिषेक झाला, देशातल्या पहिल्या महिला सर्वोच्च प्रमुख, त्या खोत्लात प्रमुखाच्या जागी बाई बसली. आणि २०२० मधे सरकारनं जमिनीचं धोरण बदललं. त्याआधी नवऱ्याकडे प्लॉट असेल तर बायकोला स्वतःच्या नावानं सरकारी वाटपातला प्लॉट मिळत नव्हता, आता मिळतो.

विधवांचं सांगायचं राहिलं, आणि तो यातला सगळ्यात दुखरा भाग आहे. नवऱ्याच्या अंत्यविधीला जमलेले नातेवाईक जाताना भांडी, पलंग, शिवणयंत्र, गुरं, कधी दाराच्या चौकटी आणि पत्रेसुद्धा घेऊन जातात, हे झांबिया, मलावी, झिम्बाब्वे सगळीकडे घडत आलंय, एड्सच्या काळात तर फारच. झांबियानं १९८९ मधे कायदा करून वाटेच ठरवून दिले, मृत्युपत्र नसेल तर मुलांना ५० टक्के, विधवा किंवा विधुराला २० टक्के, आईवडलांना २०, आणि इतर अवलंबून असलेल्यांना १०. पण त्यातून पारंपरिक ताब्यातली जमीन वगळली, आणि गावाकडची बहुतेक जमीन तीच. मलावीच्या २०११ च्या कायद्यात अशी लूट हा गुन्हा आहे. तरी तक्रार करणारी बाई कमी, कारण ज्या दिराविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच गावात पुढचं आयुष्य काढायचंय, मुलांना काका हवाय. महाराष्ट्रानं तर १९९४ मधेच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी, आणि आजही माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, त्यामुळे त्या बायका गप्प का बसतात हे आपल्याला कुणी वेगळं समजवायला नको.

आणि लुटीच्या आधी अजून एक हत्यार वापरलं जातं, ते म्हणजे ही त्याची बायकोच नाही असं म्हणणं. हे नवं नाही. १९१३ मधे साऊथ आफ्रिकेतल्या केप प्रांताच्या कोर्टानं ख्रिश्चन पद्धतीनं न झालेली लग्नं मानायला नकार दिला तेव्हा तिथल्या हिंदू, मुस्लिम, पारशी बायका एका रात्रीत रखेली ठरल्या, आणि त्याविरुद्ध कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. मुस्लिम लग्नांना साऊथ आफ्रिकेत कायद्याचं संरक्षण मिळायला घटनापीठाचा जून २०२२ चा निकाल यावा लागला, एवढा हा विषय चिवट आहे.

काळ्या समाजात हा वाद बहुधा लोबोलावरून होतो. दोन्हीकडची माणसं बसतात, किती द्यायचं ते ठरतं, कागदावर लिहून सह्या होतात, आपल्याकडच्या लग्नाच्या याद्यांसारखं, फक्त देणारी बाजू नवऱ्याची. पण पैसे हप्त्यानं दिले जातात, कधी वर्षानुवर्षं, आणि मग वधूला वाजतगाजत सासरी सोपवायचा विधी राहून जातो. नवरा मेला की सासरचे म्हणतात, विधी झालाच नव्हता. एचएचपी नावानं गाजलेले रॅपर जबुलानी त्सांबो ऑक्टोबर २०१८ मधे गेले तेव्हा अगदी हेच झालं. फेब्रुवारी २०१६ मधे लेराटो सेंगादी यांच्या माहेरी बैठक झाली होती, ४५,००० रँड ठरले, त्यातले ३०,००० दिले, सह्या झाल्या, आणि त्याच दिवशी नवऱ्याकडच्या बायकांनी लेराटोला नवऱ्याच्या कपड्यांना जुळणारे कपडे नेसवले, आमच्या घरात स्वागत आहे म्हणाल्या. त्सांबोंच्या मृत्यूनंतर सासऱ्यांचं म्हणणं, वधू सोपवायचा विधी झाला नाही, म्हणून लग्न नाही. हायकोर्टानं त्याच वर्षी नोव्हेंबरमधे लग्न ग्राह्य धरलं, पण अंत्यविधी सासरच्यांनी ठरवल्याप्रमाणेच झाला. एप्रिल २०२० मधे अपील कोर्टानंही लेराटोच्या बाजूनं निकाल दिला, की विधी वेगवेगळ्या रूपात होऊ शकतो, कपडे नेसवून स्वागत करणं हेही सोपवणंच, आणि दोघं नवरा-बायकोसारखे राहत होते हे सगळ्यांना माहीत होतं. बघा, इथंही कोर्टानं तेच विचारलं, की माणसं खरंच काय करतात.

म्हणूनच तिथल्या गावोगावच्या कायदा-मदत केंद्रांतल्या कार्यकर्त्या बायकांना आता मोठमोठ्या गोष्टी सांगत बसत नाहीत, तर लोबोलाचा कागद जपून ठेव, त्याची एक प्रत माहेरी ठेव, बैठकीला कोण कोण होतं त्यांची नावं लिहून ठेव, मुलांचे जन्मदाखले काढून घे, नवऱ्याला जिवंतपणी मृत्युपत्र करायला लाव, असं सांगतात. साऊथ आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे पारंपरिक लग्न तीन महिन्यांत नोंदवायचं असतं, पण नोंद नसली म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही, आणि नोंदीचा अर्ज दोघांपैकी कुणी एकानं केला तरी चालतो असंही त्यात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात नवरा बरोबर नसेल तर खिडकीवरून परत पाठवतात अशी तक्रार असते, तेव्हा त्या कलमाचा कागद बरोबर घेऊन जायचं.